खिळ्यातली बचत आणि डोळ्याची किंमत

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातले फुलसावंगी ऑगस्ट 2021 मध्ये देशभर चर्चेत आले ते एका दुर्दैवी घटनेने. वेल्डिंगचे काम करणाऱ्या 24 वर्षांच्या एका हुन्नरी तरुणाने स्वतःच एक आसनी हेलिकॉप्टर तयार केले होते. चाचणी सुरू असताना मागचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या पंख्याचा तडाखा तरुणाच्या डोक्याला बसला. त्याच्या कल्पकतेवर भरपूर लिहून आले. वेगात सुटलेला धातू शरीराचे काय करतो, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही.

हेलिकॉप्टर बनवणारे विरळाच. पण हवेच्या दाबावर चालणारी खिळ्यांची बंदूक, म्हणजे नेल गन, आता तालुक्याच्या फर्निचरवाल्याकडे आणि पीओपीच्या कारागिरांकडेही दिसते. बंदूक एकदाच घ्यायची असते, खिळे मात्र सतत लागतात. साहजिकच बचत खिळ्यांत शोधली जाते. कंपनीचा डबा घ्यायचा की शेजारचा स्वस्तातला?

इथे ब्रँडचा बाऊ करण्याचे कारण नाही. दुसऱ्या कंपनीचा खिळाही चांगला असू शकतो. पाहायचे ते माप : जाडी, लांबी, डोक्याचा आकार, आणि पट्टीतल्या खिळ्यांचा तिरकेपणा. 21 अंशांच्या बंदुकीत 34 अंशांची पट्टी नीट बसत नाही. खिळ्यांची जाडी कमीजास्त असली किंवा पट्टीचा डिंक कच्चा असला, तर खिळा नळीत अडकतो. मग कारागीर हवेची नळी न काढताच बोटाने तो मोकळा करायला जातो, आणि तेवढ्यात बंदूक उडते. खिळा कमजोर असेल तर गाठीवर आपटून वाकतो आणि लाकडाच्या बाजूने बाहेर येतो. लाकूड धरलेला डावा हात बहुधा तिथेच असतो.

अमेरिकेत 2001 ते 2005 या काळात अशा जखमांसाठी वर्षाला सरासरी 37 हजार लोक तातडीच्या विभागात येत होते. त्यात हात आणि बोटे सर्वाधिक. सगळा दोष खिळ्यांचा नव्हे. घोडा दाबून ठेवून टोक टेकवले की खिळा सुटणाऱ्या बंदुकीत धोका जवळपास दुप्पट असतो. आधी टोक टेकवून मग प्रत्येक वेळी घोडा दाबावा लागणारी बंदूक त्या मानाने बरी.

ग्राइंडरच्या चकतीचेही तेच. चकतीवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत, आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. ती मुदत कोण वाचतो, हा प्रश्नच आहे.

डॉक्टरांना खरी काळजी वाटते ती डोळ्याची. हाताची जखम दिसते, रक्त येते, माणूस दवाखान्यात धावतो. लोखंडाचा बारीक कण मात्र बुबुळातून आत गेला तरी कधी कधी जेमतेम टोचल्यासारखे वाटते आणि दिसतही असते. माणूस डोळा धुऊन कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड पुढे पडद्याला इजा करते आणि काही महिन्यांनी नजर जाते. म्हणून ‘काहीतरी उडाले’ एवढे जरी झाले तरी डोळा चोळू नये. वर एखादी वाटी अलगद पालथी बांधून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाचा संशय असताना एमआरआय करू नये, कारण चुंबकाने कण आतल्या आत सरकतो. एक्स-रे किंवा सीटी चालतो.

खरी अडचण वेगळीच आहे. खिळ्यांचा डबा बहुतेकदा ठेकेदार आणतो आणि बोट मजुराचे जाते. डब्यावर वाचलेले पैसे एकाच्या खिशात राहतात, बुडालेली मजुरी दुसऱ्याच्या घरात. रोजंदारीवरच्या सुताराने ‘हे खिळे अडकतात, बदलून आणा’ म्हणायचे तर उद्याचे काम जाण्याची भीती. इमारतीवर वर्षात 90 दिवस काम केलेल्याला बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते, पण गावातल्या छोट्या फर्निचरच्या दुकानातला पोरगा त्यात बसेलच असे नाही. त्याच्यासाठी निदान चष्मा दुकानदाराने आणावा. खिळ्यांच्या काही डब्यांच्या किमतीत तो येतो.

खोल रुतलेला खिळा जागेवर उपटू नये. आत शीर किंवा सांधा दुखावलेला असेल तर उपटताना नुकसान वाढते. तो हलणार नाही असे बांधून सरकारी रुग्णालय गाठावे आणि मागचे टीडीचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगावे. पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर अशा जखमेत ते पुन्हा द्यावे लागते.