गुप्तता कोणासाठी?

दुर्बलांसाठी केलेली तरतूद प्रबळांच्या सोयीची कशी होते, हे पाहावयाचे असेल तर कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ पाहावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा काहीही म्हणो, तक्रारदार स्त्रीची ओळख, चौकशीचे कामकाज, समितीच्या शिफारशी व झालेली कारवाई जनतेस कळविता येणार नाही, असे ते सांगते. नावाचा बभ्रा होईल या भयाने स्त्रिया मुकाट राहतात; म्हणून ही ढाल आवश्यकच होती. सारे दप्तर चव्हाट्यावर मांडा, असे म्हणणाऱ्या साथींशी आम्ही सहमत नाही. पण आज या ढालीआड उभे कोण आहे? छळ सोसणारी स्त्री, की मालक?

कायद्याचाच आधार घेऊ. कलम १३ प्रमाणे चौकशी संपताच १० दिवसांत अहवाल मालकास द्यावयाचा व संबंधित पक्षांनाही उपलब्ध करावयाचा. तक्रारदार स्त्री ही ‘जनता’ नव्हे, पक्षकार आहे. तिच्याच चौकशीचा अहवाल तिला ‘गोपनीय’ म्हणून नाकारणे ही कायद्याची उघड पायमल्ली होय.

बंद दाराआडच्या ढिसाळपणाची किंमतही स्त्रियाच मोजतात. गोवा विद्यापीठातील २००९ च्या तक्रारींची चौकशी समितीने घाईने उरकली. आरोपित प्राध्यापकास बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे धाडले. चौदा वर्षांनी तक्रारदार मुली पुन्हा पहिल्या पायरीवर! त्याच निकालात, समित्यांचा तपशील संकेतस्थळांवर जाहीर करा, असेही न्यायालयाने बजावले.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरकडे वळू. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील खाजगी कारखान्यांना माहितीचा अधिकार थेट लागू नाही. कंत्राटी कामगार स्त्री तर दोन मालकांच्या कात्रीत सापडलेली. परंतु कलम २१ नुसार प्रत्येक समितीने वार्षिक अहवाल जिल्हा अधिकाऱ्यास द्यावयाचा असतो. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून अधिक किती रखडल्या, हे त्यात असते. हे कागद सरकारच्या हाती आले की ते मागण्याचा हक्क आपला आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील खाजगी माहितीचे कलम अधिक आवळले खरे. पण आकड्यांना कसले आले नाव आणि कसली अब्रू?

तेव्हा कार्यकर्त्यांनी दहा रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज करावेत. नावे मागू नयेत. दहा वा अधिक कामगारांच्या किती आस्थापनांनी अहवाल दिले, न देणाऱ्यांवर काय कारवाई झाली, घरकामगार स्त्रियांसाठीची स्थानिक समिती किती वेळा बसली, एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अपील करावे. माहिती आयोगाचे खंडपीठ याच शहरात आहे. आणि अहवालच आलेले नाहीत असे उत्तर मिळाले, तर लढ्याचे पहिले पत्रक तेच!

स्त्रीचे नाव झाकलेच पाहिजे. मालकाचा गुन्हा त्याच पदराखाली झाकू देणे हा मात्र तिचा दुसरा छळ आहे.