विश्लेषण : फी माफ झाली, मग पाड्यावरची मुलगी ‘सिस्टर’ व्हायला अडते कुठे?

व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून तो लागू झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना आधीपासूनच आहेत. म्हणजे कागदावर तरी चोपडा तालुक्यातील गरीब घरच्या मुलीला नर्सिंगसाठी फीची अडचण राहू नये. तरीही सातपुड्याच्या पायथ्यापासून प्रसूतिगृहातल्या नोकरीपर्यंतची वाट सरळ नाही. ती कुठे अडते, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय?

माता आणि बालकांच्या आरोग्यात महाराष्ट्राची सरासरी चांगली आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० मध्ये राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्याचे नोंदले गेले. मात्र त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. राज्याची ही सरासरी पाड्यावरची स्थिती सांगत नाही. सत्रासेन, वैजापूर, उमर्टी या पट्ट्यातील पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमध्ये गरोदरपणातील तपासणी, बाळाचे वजन, लसीकरण हे सगळे उपकेंद्रातील एएनएम, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर अवलंबून असते. आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. तिथे बसणारी व्यक्ती कोण, हा म्हणूनच कळीचा प्रश्न ठरतो.

स्थानिक मुलीच का हव्यात?

पहिले कारण भाषेचे. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला कळा सुरू झाल्यावर प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, तर अर्धी माहिती हरवते. दुसरे कारण मुक्कामाचे. बाहेरून आलेली कर्मचारी बदलीची वाट पाहते. तालुक्यातलीच असेल तर टिकण्याची शक्यता जास्त. तिसरे कारण विश्वासाचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशा बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमामागे हाच अनुभव आहे. गावातली स्त्री हे काम करू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. तिच्या मुलीला त्याच क्षेत्रात पगारी, नियमित नोकरी मिळेल का, हा पुढचा प्रश्न आहे.

नर्सिंगचे दरवाजे किती?

मुख्य दरवाजे तीन. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. एएनएम आणि जीएनएमला मात्र कला शाखेतून बारावी झालेली मुलगीही जाऊ शकते. पहिली गळती इथेच होते. विज्ञान शाखा सगळ्याच आश्रमशाळांत नसते. त्यामुळे दहावीनंतर जवळ जे मिळते ते, म्हणजे कला शाखा, घेतली जाते आणि ‘आता नर्सिंग गेले’ असे घरात ठरून जाते. प्रत्यक्षात जीएनएम करून पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगनंतर दोन वर्षांचा अनुभव असल्यास प्रसूतिसेवेतील दीड वर्षाच्या ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ या प्रशिक्षणाचा पर्यायही केंद्राने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिला आहे.

फी नाही, मग खर्च कशाचा?

राहण्या-जेवण्याचा. समजा, कर्जाणे परिसरातील एका शेतमजूर कुटुंबातील मुलीला जळगावात प्रवेश मिळाला. चोपडा ते जळगाव अंतर सुमारे ५० किलोमीटर. त्यात पाड्यावरून चोपड्यापर्यंतचा प्रवास वेगळा. नर्सिंगला रुग्णालयात पाळीने काम शिकावे लागते, त्यामुळे रोज ये-जा करणे शक्य नाही. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर प्रश्न सुटतो. न मिळाल्यास आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. सुरुवातीच्या निर्णयानुसार जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार रुपये आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. ४३ हजारांचे गणित मांडले तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास पडतात. त्यात खोली, मेस, प्रवास सगळे आले. शिवाय रक्कम हप्त्यांनी येते, घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. हप्ता लांबला की मधल्या काळात उसनवारी करावी लागते. अनेक घरांचा हिशेब याच काळात कोलमडतो.

कागद कुठे अडतो?

जातवैधता प्रमाणपत्रावर. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना ते लागते आणि त्यासाठी वडील-आजोबांच्या काळातील नोंदी शोधाव्या लागतात. ज्या घरातली मुलगीच शाळेत जाणारी पहिली पिढी आहे, तिथे आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? महसुली नोंदी, नातेवाइकांची वैधता असे पुरावे गोळा करायला महिने जातात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना कनिष्ठ महाविद्यालये अकरावी-बारावीतच अर्ज करायला सांगतात. कला शाखेत ती विचारणा सहसा होत नाही. आणखी एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२४ ची शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला, तर माफी मिळत नाही.

बी.ए., बी.एस्सी. करणाऱ्यांचे काय?

चोपड्यातील महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलींसाठी हा प्रश्न जास्त जवळचा आहे. माता-बाल आरोग्याचे काम फक्त नर्सिंगपुरते नाही. एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या पदासाठी पदवी लागते. समाजकार्याची पदवी घेतलेल्यांना समुपदेशनाची, पोषण विषयातील पदवीधरांना आहारतज्ज्ञाची कामे मिळू शकतात. चोपड्यात भगिनी मंडळाचे समाजकार्य महाविद्यालय आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य सक्तीचे असते. ते उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंगणवाडीत झाले, तर पदवी हातात पडेपर्यंत मुलीला हे क्षेत्र आतून माहीत झालेले असेल.

नोकरीची हमी आहे का?

नाही, आणि घरच्यांचा खरा प्रश्न हाच असतो. अनुसूचित क्षेत्रातील एएनएम, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, अंगणवाडी पर्यवेक्षक अशी १७ संवर्गांतील पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचे धोरण राज्याने अवलंबले. चोपडा तालुक्यातील काही गावे या क्षेत्रात येतात. पण हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निवड झालेले उमेदवार नेमणुकीच्या प्रतीक्षेत राहिले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्यामागील मागण्यांत ही भरतीही होती. त्यानंतर निकालाच्या अधीन राहून मानधनावर नेमणुकांचा मार्ग काढण्यात आला. दुसरी वाट उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची. बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना ती खुली आहे. दरमहा २५ हजार रुपये आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला, असे तिचे स्वरूप. पण पद कंत्राटी. तीन-चार वर्षे मुलीला बाहेर ठेवून शेवटी कंत्राटच मिळणार असेल, तर लग्नाचा विषय आधी निघतो.

महाविद्यालयांना काय करता येईल?

अमेरिकेत वंचित घरांतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांना माता-बाल आरोग्याकडे आणण्यासाठी विद्यापीठांमार्फत खास कार्यक्रम राबवला गेला. त्यात पदवीच्या काळातच मार्गदर्शक आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव देण्यावर भर होता. इथे त्यासाठी नवी योजना यायची वाट पाहण्याची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय आणि अंगणवाड्या यांच्याशी महाविद्यालयांनी करार केला, तर हे श्रेयांक तिथे मिळवता येतील. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीतच कला शाखेच्या मुलींनाही जातवैधतेचा अर्ज भरायला लावला आणि जीएनएमची वाट समजावून सांगितली, तर त्याला फारसा खर्च येणार नाही. वसतिगृहाच्या जागा, वेळेवर येणारा निर्वाह भत्ता आणि अडकलेली भरती यांची जबाबदारी मात्र सरकारचीच राहते. फीमाफीने मधला टप्पा सोपा केला. आधीचा टप्पा अकरावीत शाखा निवडण्याचा आणि नंतरचा नेमणूक पत्र हाती येण्याचा. हे दोन टप्पे सुटेपर्यंत वैजापूरच्या उपकेंद्रात पावरी बोलणारी ‘सिस्टर’ भेटणे योगायोगावरच राहील.