नाव विचारून बांगडी घेणाऱ्यांना

जत्रांचा हंगाम जवळ आला की माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश येऊ लागतात. पहिला असा की, 'खरेदी फक्त आपल्या लोकांकडून करा, आधी दुकानदाराचं नाव विचारा.' दुसरा रमजानच्या तोंडावर येतो: 'ईदची खरेदी आपल्याच दुकानातून करा, आपला पैसा आपल्या कौममध्ये राहू द्या.' पहिला संदेश कोण लिहितं ते मला ठाऊक नाही, तो फिरत फिरत येतो. दुसरा पाठवणारे मात्र मशिदीत माझ्याच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे असतात. हा लेख दोघांसाठी आहे. पण दोघांना एकाच मापाने तोलणार नाही, कारण दोघांच्या हातातली ताकद एक नाही. एकाचा संदेश ग्रामसभेचा ठराव होऊ शकतो. दुसऱ्याचा फार तर एखाद्या हिंदू कापडवाल्याचं चार दिवसांचं गिऱ्हाईक कमी करतो.

ठरावाचं उगाच म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला. प्रशासनाने तो वैध मानला नाही, हे चांगलंच झालं. पण ठराव झाला, बातमी झाली आणि राज्यभर ज्यांना कळायचं होतं त्यांना कळलं. त्याआधी २०२२ साली कर्नाटकात किनारपट्टीवरच्या जत्रांमध्ये हेच घडलं होतं. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे उगवलेली नाही, आणलेली आहे.

मढीच का, हा प्रश्न मला जास्त छळतो. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणारी ही यात्रा भटक्यांची पंढरी म्हणून ओळखली जाते. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. ज्यांना गावात घर नाही, शिवारात जमीन नाही, अशा जमाती वर्षातून एकदा तिथे भेटतात, देणीघेणी मिटवतात, सोयरिकी जुळवतात. ज्या यात्रेने कधीच कुणाला 'तू कुठला' असं विचारलं नाही, तिथे एका समाजाला 'तू नको' म्हणायचं ठरलं. कारण काय सांगितलं? यात्रेआधी गाव जी पथ्यं पाळतं, ती हे व्यापारी पाळत नाहीत. ठीक आहे. मग पथ्याचा नियम करा. तो प्रत्येक पालाला लावा. जो पाळणार नाही त्याचं पाल उठवा, मग तो शेख असो नाहीतर शिंदे. असा नियम केला असता तर मी त्याच्या बाजूने लिहिलं असतं. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागी जाऊन धंदा करायचा तर तिथली रीत पाळली पाहिजे, यात वाद कसला? पण ठराव पथ्याचा नव्हता, नावाचा होता.

आता जत्रेत कोण काय विकतं ते पाहू. फुगे, पिपाण्या, भिंगऱ्या, भोवरे, भातुकलीचे संच. पोळपाट-लाटणी, रव्या, चाळण्या, सुपं, विळ्या, उलथनी. बांगड्या, कुंकू, बुक्का, करदोटे. यातलं कुंकू-बुक्का आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या कोण विकत आलं? अत्तार. बांगड्या कोण भरत आलं? कासार आणि मणियार. विळीला, सुरीला धार कोण लावत आलं? शिकलगार. भांड्यांना कल्हई कोण करायचं, कापूस पिंजून गादी कोण भरायचं, पान कोण लावायचं? कल्हईवाला, पिंजारी, तांबोळी. गावगाड्याच्या बलुतेदारांत मुलाणा होता. हे लोक बाहेरून येऊन मराठी गावाच्या संसारात घुसले नाहीत. तो संसार यांच्याच हातांनी उभा राहिला. लग्नात नवरीच्या हातात हिरवा चुडा भरणारी मणियारीण किती घरांत 'मावशी' होती हे तुमच्या आजीला विचारा. ते दिवस सगळे गोड होते असं मी म्हणत नाही. त्याच गावगाड्यात कुणाला पाण्याला शिवू देत नव्हते. पण बांगडी भरताना मनगट पुढे करणाऱ्या बाईने मणियारणीचा धर्म काढला नव्हता.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 'खरेदी-विक्री' हा आपला रोजचा शब्द. त्यातली खरेदी फारसी, विक्री संस्कृत. 'नफा-तोटा' घ्या. नफा अरबी, तोटा इथल्या मातीतला. बाजार, दुकान, किंमत, वजन, तराजू, हिशेब, जमा, खर्च, हे सगळे अरबी-फारसीतून आले आणि इतके मराठी झाले की त्यांच्याशिवाय किराण्याची यादीसुद्धा होत नाही. ज्यांना बाजारातून मुसलमान काढायचा आहे त्यांनी एक दिवस हे शब्द न वापरता बाजार करून दाखवावा. भाजीवालीशी भावसुद्धा करता येणार नाही.

शब्दांचं राहू द्या, वस्तूंचं बघा. सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी आणि गंजिफांसाठी प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ आला इराणकडून, मोगलांच्या काळात इथे रुळला. मोगल गंजिफा ९६ पत्त्यांची, आठ रंगांची. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी तिच्या जोडीने काय रंगवलं? दशावतारी गंजिफा! दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, एकूण १२० पत्ते. मत्स्यावतारालाही वजीर आहे आणि नरसिंहालाही. तो वजीर कुठून आला म्हणून कुणी पत्ता फाडला नाही. उलट ही कला मरायला टेकली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती जगवली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी आज देशभर 'आपली परंपरा' म्हणून मिरवली जातात. टिपू सुलतानाने इराणी कारागीर बोलावले आणि तिथून ही कला सुरू झाली, असं तिथे परंपरेने सांगतात. तुमच्या देवघरातली पितळी समई, घंटा, आरतीचं ताट बहुधा मुरादाबादहून आलेलं असतं आणि मुरादाबादच्या भट्ट्यांपुढे बसणारे हात मोठ्या प्रमाणावर मुसलमान आहेत. मालेगाव आणि भिवंडीच्या मागांवर विणलेलं कापड तुमच्या अंगावर आहे. मग जत्रेत पालावर बसलेल्या म्हाताऱ्याचं नाव विचारून तुम्ही नेमकं काय साधता? वस्तू तर तीच आहे. फक्त तिच्यावर चार पैसे मिळवणारा सर्वांत गरीब माणूस तेवढा वगळला.

हे वगळणं कुणाच्या पथ्यावर पडतं, तेही बघा. ज्याला जत्रेत शेखकडून खेळणं नको आहे तो घरी जाऊन मोबाइलवर तेच खेळणं मागवतो. तिथे विक्रेता कोण, माल कुणी बनवला, गोदामात कुणी बांधला, दारात कुणी आणून दिला, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं आणि विचारायचंही नसतं. आणून देणारा मुलगा अन्सारी असला तरी पार्सल घेतोच. म्हणजे नाव फक्त त्यालाच विचारायचं, जो समोर उन्हात बसलेला आहे आणि उलट बोलू शकत नाही. शेजारच्या पालावरच्या हिंदू खेळणीवाल्याला याचा फायदा होईल असं सांगतात. होत नाही. जत्रा भरते ती गर्दीने आणि रांगेतली निम्मी पालं रिकामी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्या पालाकडे वळत नाही, घराकडे वळतं. छोट्या खेळणीवाल्यापुढे खऱ्या अडचणी आधीच कमी नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूची तपासणी व्हावी, हे योग्यच. पण घाऊक बाजारातून पोत्याने माल उचलणाऱ्याला कोणता नग नियमात बसतो हे कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी एखादं शिबिर घ्या म्हणावं, तर गावच्या पुढाऱ्यांना वेळ नाही. ठराव करायला मात्र आहे.

काही जण टिळकांचं नाव पुढे करतात. बहिष्कार ही तर लोकमान्यांची शिकवण, म्हणे. १९०५ नंतरचा तो बहिष्कार परदेशी सत्तेच्या मालावर होता आणि त्याचं दुसरं टोक स्वदेशी होतं: इथला विणकर, इथला कारागीर जगावा. त्याच काळात लोकांकडून एक-एक पैसा गोळा करून पैसाफंड उभा राहिला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्या घरात परदेशी काच येऊ नये म्हणून स्वतःची काच ओतायची, अशी ती जिद्द होती. तिची तुलना गावातल्याच बांगडीवाल्याला गावाबाहेर काढण्याशी करायची म्हणजे लोकमान्यांवर अन्याय आहे. या बहिष्काराचं खरं कूळ वेगळं आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर अस्पृश्यांना गावोगाव मारहाण झाली, त्यांची कामं बंद झाली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी जे पत्र काढलं त्याचं नाव होतं 'बहिष्कृत भारत'. वाण्याने मीठ-मिरची द्यायची नाही, शेतावर काम द्यायचं नाही, वाट द्यायची नाही. बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते तिने १९३० च्या अहवालात या शस्त्राची दखल घेतली आहे. दलित बांधवांना हे सांगायची गरज नाही. सांगायचं आहे ते त्यांना, जे जयंतीला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतात आणि आठवड्याने बहिष्काराचा संदेश पुढे ढकलतात.

कायद्याचं थोडक्यात. तुम्ही वैयक्तिक कुणाकडून काय घ्यावं, हे कोणताही कायदा सांगणार नाही. तुमचे पैसे, तुमची पिशवी. पण ग्रामपंचायत म्हणजे तुमची पिशवी नव्हे. ती शासनाचा भाग आहे आणि संविधानाचं कलम १५ तिला धर्मावरून भेद करू देत नाही, कलम १९(१)(छ) प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचा हक्क देतं. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या दुकानांवर मालकांची नावं लावण्याची सक्ती झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. काय विकता ते लिहा, कोण विकतं ते लिहिण्याची सक्ती नको, असा त्याचा सरळ अर्थ.

आमच्यासारख्या शिक्षकांना हे सगळं शाळेत भेटतं. शाळेत आनंद बाजार भरतो. मुलं पालेभाजी, भेळ, कागदी फुलं, घरी केलेले भोवरे आणून विकतात. गणितातला नफा-तोटा त्या दिवशी खरा होतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या दुकानासमोर दोन मुलगे नुसते उभे राहिले. हात खिशात, नजर तिच्या कागदी भिंगऱ्यांवर. मी म्हटलं, घ्या की रे. एक म्हणाला, "सर, घरी सांगितलंय." काय सांगितलंय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण ते तिच्यासमोर बोललं जावं असं मला वाटत नव्हतं. ज्यांनी घरी सांगितलं त्यांना मी एवढंच विचारतो: तीन रुपयांच्या भिंगरीत तुम्हाला नक्की कसला धोका दिसला?

आता आमच्या लोकांकडे वळतो. 'आपला पैसा आपल्यात' हा संदेश पाठवणारे म्हणतील, सुरुवात त्यांनी केली. केली. म्हणून काय? प्रेषित मुहम्मद यांचं निधन झालं तेव्हा त्यांचं चिलखत मदीन्यातल्या एका यहुदी माणसाकडे गहाण होतं, घरासाठी उधार घेतलेल्या जवाच्या बदल्यात. बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा यांच्या हवाल्याने ही हदीस आहे. त्या वेळी मदीन्यात मुसलमानांची सत्ता होती. धनवान साथी होते, त्यांच्यापैकी कुणीही धान्य आनंदाने दिलं असतं. तरी व्यवहार शेजाऱ्याशी झाला, त्याचा धर्म न बघता. हे माहीत असलेला माणूस कोणत्या तोंडाने सांगतो की शेवया फक्त अमुक दुकानातून घ्या? बरकत पैसा कुठे फिरतो यावर ठरत नाही, तो खोटं न बोलता मिळवला की नाही यावर ठरते. आणि व्यवहार म्हणून पाहिलं तरी हे दहा रुपयांसाठी शंभर घालवणं आहे. आमचा मणियार, आमचा बागवान, आमचा अत्तार यांची बहुतेक गिऱ्हाइकं हिंदू आहेत. तुम्ही इथे दार लावलंत की तिकडचं दार लावणाऱ्यांना आयतं कारण मिळतं.

राग येतो, तो मलाही येतो. पण रागाला काम द्यायचं तर ते जत्रेच्या दिवशी नाही, त्याआधी द्यावं लागतं. जत्रेतल्या जागा कुणाला, किती फुटांच्या आणि किती पावतीवर द्यायच्या, हे यात्रा भरण्याच्या कितीतरी दिवस आधी ठरतं. त्या बैठकीला आमचे लोक जात नाहीत आणि ज्यांना हा प्रकार आवडत नाही असे हिंदू मित्रही जात नाहीत. सगळे नंतर हळहळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा होतात, मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. असा ठराव मांडला गेला तर उभं राहून आपला विरोध इतिवृत्तात लिहायला सांगा आणि लिहिल्यावर वाचून दाखवायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल मागा. हे काम मुसलमानाने करण्यापेक्षा कासाराने केलं, शेजारच्या पालावर खेळणी विकणाऱ्याने केलं, तर त्याचं वजन जास्त. पुढची ग्रामसभा कधी आहे ते फलकावर लावलेलं असतं.