आरोग्यचिंतन : उतरलेल्या भुवया

स्थळासाठी छायाचित्र काढावयाची वेळ आली की, ‘भुवया उतरलेल्या दिसतात, मुद्रा थकलेली भासते, उपचार करावेत काय?’ अशी पृच्छा मुलींकडून, आणि अधिक करून त्यांच्या मातांकडून, होऊ लागते.

उतरली आहे ती भुवईच ना, हे प्रथम पाहावे. डोळे मिटून कपाळ सैल सोडावे व हळूच उघडून आरशात पाहावे. खोबणीच्या वरच्या हाडाच्या काठावर वा किंचित वर भुवई असेल, तर ती आपल्या जागी आहे. पापणीच बुबुळावर येत असेल, तर तो निराळा विषय. ती सायंकाळी अधिक झुकत असेल, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकाराची तपासणी हवी. एकाएकी एकच बाजू उतरली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

बालपणीच्या छायाचित्रांतही भुवया अशाच असतील, तर तो घराण्याचा वारसा, विकार नव्हे.

तरीही मन मानत नसेल तर? बोट्युलिनम टॉक्सिनची सुई भुवई खाली ओढणारे स्नायू शिथिल करते आणि कपाळाचा स्नायू तिला अंमळ वर उचलतो. लाभ थोड्या मिलिमीटरांचा, तोही ३-४ महिन्यांपुरता. हीच सुई कपाळात अधिक पडली, तर भुवई उलट खाली येते! गर्भारपणी व अंगावर पाजताना ती टाळतात. शस्त्रक्रियेचा परिणाम पुष्कळ टिकतो. पण व्रण व टाळूची बधिरता पदरी येऊ शकते. पंचविशीत तिची घाई आम्हांस उचित वाटत नाही.

सुईच घ्यावयाची ठरल्यास सौंदर्यगृहात नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडे वा नेत्रशल्यविशारदाकडे जावे; जाताना ती जुनी छायाचित्रे न्यावीत.