फलाट संपतो तेथे हद्द कोणाची?

सन २०२४ च्या नोव्हेंबरात संघटनेच्या बैठकीसाठी सोलापूर विभागातील आम्ही चौघे चेन्नईस गेलो होतो. मुक्काम नुंगंबाक्कम भागात होता. आपल्याकडे त्या दिवसांत थंडीची चाहूल लागलेली असते, पण तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाळा. पहिल्याच सकाळी आम्हाला न्यायला आलेले एक निवृत्त गार्ड दारातच म्हणाले, "बूट काढून हातात घ्या. पुढचा माणूस पाय ठेवील तेथेच पाय ठेवा. पाण्याखाली खड्डा आहे की रस्ता, हे फक्त रोज जाणाऱ्याला माहीत असते." आम्ही तसेच केले. चाळीस वर्षे रेल्वेत काढलेला माणूस शहराच्या मधोमध रस्त्यावर एकेक पाऊल चाचपून टाकतो, हे दृश्य काही मनातून जात नाही.

आमच्यापैकी एकाने सहज विचारले, "हा रस्ता नेमका कोणाचा?" म्हातारबुवा बोटे मोजू लागले. रस्ता आणि दिवे महापालिकेचे. खालची पाण्याची आणि मैल्याची वाहिनी १९७८ साली स्थापन झालेल्या वेगळ्या पाणीपुरवठा मंडळाची. विजेची केबल वीज कंपनीची. पत्रे लावून अडवलेला भाग मेट्रोचा, म्हणजे केंद्र व राज्य यांच्या भागीदारीतील कंपनीचा. बस राज्याच्या परिवहन महामंडळाची. सिग्नल पोलिसांचा. आणि स्टेशनचा जिना लागला की दक्षिण रेल्वे, म्हणजे दिल्ली. अर्ध्या मैलाच्या वाटेत सात मालक! एका हाताची बोटे पुरली नाहीत.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण घरात वापरतो. शहराच्या कारभाराला ती इतकी चपखल बसेल असे वाटले नव्हते.

त्या फलाटावर काय घडले

नुंगंबाक्कम हे चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावरचे चेटपेट व कोडंबाक्कम यांच्या मधले स्टेशन. १९३१ साली हा मार्ग विजेवर आला, तेव्हा तो मीटर गेज होता. आपल्या लोकलइतकीच जुनी परंपरा आहे त्याची. रोज हजारो चाकरमानी तेथून चढतात-उतरतात.

२४ जून २०१६ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास याच स्टेशनच्या फलाटावर, कामावर जाण्यासाठी गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीची हत्या झाली. फलाटावर माणसे होती. कॅमेरा मात्र एकही नव्हता. तपास आधी रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे राज्याच्याच एका शाखेकडे होता. तीन दिवसांनी तो शहर पोलिसांकडे गेला. मद्रास उच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले. संशयिताचा माग लागला तो स्टेशनाबाहेरच्या वस्तीतील कॅमेऱ्यांच्या चित्रणावरून. पुढे तो संशयितही त्याच वर्षी सप्टेंबरात तुरुंगात मरण पावला, त्यामुळे खटला उभा राहिलाच नाही.

कॅमेरा असता तर ती मुलगी वाचली असती असे आम्ही म्हणणार नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. फलाट रेल्वेचा, रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे, गुन्ह्याचा तपास राज्याचा आणि स्टेशनाबाहेरची गल्ली महापालिकेची. चौघांच्या वह्यांत हे स्टेशन होते, पण 'पहाटेच्या वेळी येथे एकटी बाई उभी असते' ही नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. हद्दी पक्क्या आखलेल्या होत्या. माणूस त्या हद्दींच्या मधल्या जागेत उभा होता.

मुंबई काही वेगळी नाही

वाचक म्हणतील, चेन्नईचे रडगाणे मराठीत कशाला? म्हणून घरचाच हिशेब मांडतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा पहिले काही तास पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावरच खल चालला. शेवटी तो महापालिकेचा ठरला. ढिगाऱ्याखालच्या माणसाला मालकाचे नाव कळून काय उपयोग?

गोखले पुलाची पुढची कथा तर शाळेच्या पुस्तकात घालावी अशी. पूल नव्याने बांधला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा लक्षात आले की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा पूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक पडला आहे. रुळांवरच्या भागाचे माप एकाचे, पुढच्या रस्त्याचे दुसऱ्याचे. दोन्ही पूल मजबूत होते, पण एकमेकांना भेटत नव्हते. नंतर जुना पूल जॅक लावून उचलावा लागला. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही म्हणतात, ते हेच.

उघडी गटारेही दोन्ही शहरांत सारखीच. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत एक नामवंत डॉक्टर भर पावसात उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये चेन्नईत एक तरुण पत्रकार पावसाळी नाल्यासाठी खणलेल्या उघड्या खड्ड्यात पडून मरण पावला. भाषा वेगळी, पाऊस वेगळा, खड्डा मात्र एकच.

रेल्वेचा प्रायव्हेट नंबर

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. नगररचनेची मोठी पुस्तके आम्ही वाचलेली नाहीत. पण रेल्वेने आम्हाला एक गोष्ट शिकवली आहे आणि ती पुस्तकातल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा पक्की आहे.

एका स्टेशनाहून दुसऱ्या स्टेशनाकडे गाडी सोडताना स्टेशन मास्तर नुसते 'सोडतो' म्हणत नाही. पुढच्या मास्तराकडून लाइन क्लिअर घेतो. गरज पडेल तेथे दोघे एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात आणि दोघांच्याही वहीत तो वेळेसह लिहिला जातो. रुळांवर काम निघाले तर ब्लॉक घेतला जातो. काम संपल्यावर मार्ग गाडीसाठी योग्य असल्याचे जबाबदार माणूस सहीने कळवतो. तोवर ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर असते: अमुक किलोमीटर, अमुक वेग, अमुक कारण. ती मिळाल्याबद्दल ड्रायव्हरही सही करतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रूळ तुटलेला दिसला तर साधा कीमनसुद्धा लाल झेंडा दाखवून राजधानी एक्सप्रेस थांबवू शकतो. त्याला कोणी विचारत नाही की तुझी ग्रेड काय.

शहराच्या रस्त्याला यातले काय आहे? ज्याने रस्ता खणला त्याने तो कोणाकडून घेतला, कधी परत देणार, परत घेताना कोणी तपासला, याची नोंद रोज त्यावरून चालणाऱ्याला कोठे दिसते? कॉशन ऑर्डर कोण देतो? आम्हाला ती बूट हातात घेतलेल्या एका निवृत्त गार्डाने दिली. बाकी शहराला कोण देणार?

रेल्वे धुतल्या तांदळासारखी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. चेन्नई बीच ते एग्मोर चौथ्या मार्गिकेसाठी २७ ऑगस्ट २०२३ पासून बीच स्टेशनकडची एमआरटीएस सेवा बंद ठेवली गेली. सात महिन्यांचे काम म्हणून सांगितले, लागले चौदा. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सेवा सुरू झाली. मधले सात महिने प्रवाशाने रोज नवी बस शोधली. गाडी पाच मिनिटे थांबली तर आम्ही कारण लिहितो. या सात महिन्यांचे कारण प्रवाशाला त्याच तपशिलाने लिहून कोणी द्यायचे?

आमचाही दोष

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातील एका स्टेशनाबाहेर रस्ता खणून ठेवला होता. दिवे महिनोन्महिने बंद. नगरपालिका म्हणे जागा रेल्वेची, रेल्वे म्हणे दिवे नगरपालिकेचे. आमची एक भगिनी रात्रपाळीची बुकिंगची ड्युटी संपवून घरी निघाली आणि त्या चरात पडली. कमरेचे हाड मोडले. चार महिने अंथरुणावर होती.

तिचा नवरा आमच्या कार्यालयात आला. आम्ही कागद पाहिले आणि म्हणालो, "ड्युटी संपली होती, जागा गेटाबाहेरची, यात युनियनला काय करता येणार?" तो काही बोलला नाही. उठून गेला. त्या दिवशी आम्ही प्रशासनाचीच भाषा बोललो. जी हद्द साहेब दाखवतात तीच आम्ही दाखवली. फलाटाच्या आतल्या पंख्यासाठी आम्ही वीस निवेदने दिली असतील, फलाटाबाहेरच्या दिव्यासाठी एकही दिले नव्हते. कामगार मात्र आत आणि बाहेर तोच असतो.

तिकीट एक झाले, जबाबदारी?

सरकारांना हे कळत नाही असे नाही. चेन्नईत एकत्रित वाहतूक प्राधिकरणाचा कायदा २०१० साली झाला. तो अमलात आला २०१९ साली आणि प्राधिकरणाची पहिली बैठक भरली नोव्हेंबर २०२२ मध्ये. बारा वर्षांनी का होईना, बसले तर! सप्टेंबर २०२५ मध्ये बस, मेट्रो व उपनगरी गाडी यांचे तिकीट एकाच मोबाइलवरून काढण्याची सोय झाली. ही चांगली गोष्ट आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. पण खड्ड्याची तक्रार करायची तर महापालिकेचा १९१३ वेगळा आणि रेल्वेचा १३९ वेगळा. पैसे एका खिडकीत घेता येतात, तर गाऱ्हाणे एका खिडकीत का घेता येऊ नये?

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे ११८.९ किलोमीटरचे, ६३,२४६ कोटींचे काम मंजूर आहे. त्यातल्या एका मार्गावर स्टर्लिंग रोड, नुंगंबाक्कम, जेमिनी अशी स्टेशने आहेत. पण मेट्रोचे नुंगंबाक्कम आणि रेल्वेचे नुंगंबाक्कम या दोन वेगळ्या जागा. नाव एक, ठिकाणे दोन. मधली वाट कोण बांधणार, कोण दिवा लावणार, हे आजच लिहून ठेवले नाही तर उद्या पुन्हा कोणी तरी बूट हातात घेऊन चालेल.

यात लोकप्रतिनिधी कोठे आहेत? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, रस्ते, पूल, पथदिवे, बसथांबे हे विषय शहराच्या संस्थांचे म्हणून बाराव्या अनुसूचीत नोंदले. तीन लाखांवरच्या शहरांना वॉर्ड समित्या सांगितल्या. प्रत्यक्षात १६८८ साली स्थापन झालेल्या, देशातील सर्वांत जुन्या चेन्नई महापालिकेत ऑक्टोबर २०१६ ते फेब्रुवारी २०२२ एकही नगरसेवक नव्हता. मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकच होता. प्रशासक हुशार असेलही, पण सकाळी दुधाच्या रांगेत त्याला गाठता येत नाही.

आणि ज्यांना खड्डा सर्वांत आधी दिसतो त्यांची काय गत आहे? नुंगंबाक्कम ज्या तेनांपेट विभागात येते तेथील सफाईचे काम २०२० पासून खाजगी कंपनीकडे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी दोन विभागांच्या खाजगीकरणाविरुद्ध सफाई कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, रिपन बिल्डिंगसमोर तेरा दिवस बसले. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उठवले. पहाटे पाचला झाडू घेऊन रस्त्यावर येणाऱ्या बाईला कोणत्या मॅनहोलचे झाकण हलते हे कोणाही इंजिनिअरपेक्षा आधी कळते. तिच्या हातात लाल झेंडा द्यायचा की उद्या काम राहील की नाही याची भीती द्यायची, हे आपण ठरवायचे आहे.

आमच्या मागण्या

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक स्टेशनाबाहेरच्या पाचशे मीटर वाटेसाठी रेल्वे, महापालिका, पोलीस व परिवहन यांची संयुक्त नोंदवही असावी आणि खणलेल्या रस्त्याचे देणे-घेणे प्रायव्हेट नंबरासारखे दोन्ही बाजूंच्या सहीने व्हावे. कामाच्या जागी त्या भागातील भाषेत फलक असावा: काम कोणाचे, कधी संपणार, उशीर का झाला, कोणाला विचारायचे. सफाई कामगार, बस कंडक्टर, ट्रॅकमन यांनी दिलेली धोक्याची सूचना त्याच दिवशी नोंदवणे बंधनकारक असावे, मग तो कायम असो वा कंत्राटी. आणि संयुक्त पाहणीत कामगार संघटनांना व प्रवाशांना जागा असावी.

शाखांना आमची विनंती आहे की पुढच्या सभेत पंख्याच्या निवेदनाबरोबर बाहेरच्या दिव्याचेही निवेदन द्या. रात्री बारा वाजता ड्युटी संपल्यावर दोन पदाधिकाऱ्यांनी बॅटरी घेऊन स्टेशन ते वस्ती एकदा चालून यावे आणि जे दिसेल ते लिहावे. आम्ही ते सुरू केले आहे. आमच्या त्या भगिनीच्या घरीही जाऊन आलो. ती आता काठी घेऊन चालते. तिने विचारले, "दिवा लागला का?" लागला आहे. पण तो लागायला तिचे हाड मोडावे लागले, ही गोष्ट आम्ही विसरणार नाही, आणि कोणी विसरू नये.