'आणि पार्टी'तला माणूस

भीमजयंतीच्या कार्यक्रमाची कोणतीही पत्रिका हाती घ्या. गायकाचे नाव ठळक अक्षरांत, शेजारी फोटो, आणि खाली बारीक टाइपात दोनच शब्द : 'आणि पार्टी'. या दोन शब्दांत ढोलकीवाला, पेटीवाला, बेंजोवाला, कोरसवाले सगळे बसवलेले असतात. रात्रभर वाजवून बोटे सुजतात ती यांची. सकाळी चहाच्या टपरीवर नाव निघते ते गायकाचे. यात गायकाचा दोष नाही, रीतच तशी पडून गेली आहे. पण या 'आणि पार्टी'तला एखादा माणूस उठून म्हणाला, "आता माझे मी वाजवणार," तर त्याचे पुढे काय होते?

या वेळी आम्ही अशाच एका वादकाची हकिकत वाचकांपुढे ठेवत आहोत. हा वादक गायन पार्टीतला नाही. तो मुंबईच्या एका रॉक बँडमधला गिटारवाला आहे. पण बँड म्हणजे तरी काय? एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला, एक जाड आवाजाची बेस गिटार धरणारा. म्हणजे आपली पार्टीच.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत 'झिरो' नावाचा बँड पुढे आला. राजीव तलवार गात, बॉबी तलवार बेस वाजवत, सिद्ध कुटो ड्रमवर आणि वॉरन मेंडोन्सा गिटारवर. परदेशी गाण्यांच्या नकला करणारे बँड तेव्हा पुष्कळ होते. झिरोने इंग्रजीतच, पण स्वतः रचलेली गाणी वाजवली, आणि कॉलेजच्या पोरांत त्यांचे नाव झाले. वॉरन हे शंकर-एहसान-लॉय या त्रयीतील लॉय मेंडोन्सा यांचे पुतणे. चित्रपटसंगीतातही त्यांनी गिटार वाजवलेली आहे.

पुढे वॉरन झिरोच्या नेहमीच्या कामातून बाहेर पडून न्यूझीलंडला गेले. नाव झालेला बँड मागे राहिला. तिथून २००७ साली त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम आला, 'नाइट्स इन शायनिंग कर्मा'. चकाकत्या चिलखतातल्या योद्ध्याबद्दल इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, त्यावर केलेली ही कोटी. अल्बममधले संगीत मुख्यतः वाद्याचे. जिथे गायक उभा राहायचा तिथे गिटार उभी केली. आणि मुखपृष्ठावर जुन्या बँडचे नाव तर नाहीच, स्वतःचेही पुढे केले नाही. नाव दिले 'ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज'. ब्लॅकस्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर जातीची काळी गिटार. साथीदार पुढे आला तो आपले वाद्य हातात धरून, एवढाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

या स्ट्रॅटोकास्टरची कथा कामगार वाचकांना आवडेल. ती १९५४ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून बाहेर आली. हे फेंडर शिक्षणाने हिशेबनीस. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले आणि त्यातूनच गिटारीकडे वळले. गंमत अशी, की त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवायचे. तार थरथरली की वेटोळ्यात विजेची लहर उठते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. एवढेच तिचे यंत्र. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात ज्यांची हयात गेली, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता 'ब्लूज' हा शब्द. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या लोकांचे, गुलामांच्या मुला-नातवंडांचे हे गाणे. मडी वॉटर्स हा त्यातला थोर गायक-वादक मिसिसिपीच्या मळ्यावर राबत होता. १९४३ साली तो गाव सोडून शिकागोला गेला. पोटासाठी कारखान्यात काम केले, मालट्रक चालवला, आणि रात्री गिटार वाजवली. शहराच्या गोंगाटात साध्या गिटारीचा आवाज पोहोचेना, म्हणून विजेची गिटार घेतली. सोलापूर, नगर, मराठवाड्यातून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि चाळीत ढोलकी-पेटी घेऊन बसली, त्याचेच हे दुसरे रूप म्हणायला हरकत नाही. पुढे जगभर झालेल्या रॉकच्या मुळाशी हेच कष्टकऱ्यांचे गाणे आहे.

कुणी म्हणेल, शब्दांशिवाय संगीत आपल्या काय कामाचे? आपल्या चळवळीत गाण्याच्या शब्दांनीच वस्त्या जाग्या केल्या, हे खरे आहे. पण बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हेही खरे आहे. व्हायोलिनला शब्द नसतात. ज्यांनी आयुष्यभर शब्दांनी लढा दिला, त्यांनाही नुसता सूर हवासा वाटला. तेव्हा वाद्य ऐकणे ही श्रीमंतांची चैन आहे, असे आम्ही मानत नाही.

मोठ्या गटात साथीदाराचे काय साठून राहते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांचे. त्या गटात बहुतेक गाणी लेनन आणि मॅकार्टनी यांची असत. हॅरिसन यांच्या वाट्याला एका तबकडीत एखाद-दोन जागा येत. १९७० साली गट फुटला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हॅरिसन यांनी एकदम तीन तबकड्यांचा संच काढला. इतके दिवस ही गाणी पडून होती!

एवढे लांब जायलाही नको. आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) एके काळी इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला होते. मागे उभे राहून टाळी देणारा तो आवाज पुढे घराघरांत पोहोचला. कोरसमध्येच राहिला असता तर महाराष्ट्र केवढ्या आवाजाला मुकला असता! असे किती आवाज राहून गेले असतील, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

पालक विचारतील, पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. गायक नसलेल्या संगीताला आपल्या देशात गिऱ्हाईक थोडे. मोठ्या बँडचे नाव सुटले की तयार गर्दीही सुटते. पुन्हा एकेक श्रोता जोडावा लागतो. वॉरन मेंडोन्सा यांनी तो जोडला. २००९, २०१४, २०१७ अशी वर्षे घेत पुढचे अल्बम काढले. जुन्या मित्रांशी वैरही धरले नाही. झिरोचे चौघे नंतरही एकत्र येऊन वाजवून गेले. आपल्याकडे पार्टी फुटली की दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. जयंती मंडळांनी येत्या वर्षी पत्रिकेतून 'आणि पार्टी' हे शब्द काढून टाकावेत आणि ढोलकी कोण, पेटी कोण, बेंजो कोण, कोरसला कोण, ही नावे छापावीत. दोन ओळी वाढतील. छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही. दुसरे, कार्यक्रमात गायकाने दहा मिनिटे पाणी प्यायला बसावे आणि तेवढा वेळ नुसत्या वादकांना द्यावा. बिदागीचा हिशेब करताना त्या दहा मिनिटांचे पैसे वादकांच्या हातात वेगळे ठेवावेत.

आणि आईबापांनो, पोरगा किंवा पोरगी गिटार मागत असेल तर आधी ऐकून घ्या. अभ्यास सोडू नको, हे जरूर सांगा. पण "तू काय मोठा गाणारा आहेस का?" असे म्हणू नका. कदाचित ते लेकरू गाणारे नसेलही. ते वाजवणारे असेल.