कोंबडी लपवणारी बाई अडाणी नाही

दिल्लीतलं सरोजिनी नगर ही वर्षानुवर्षे केंद्र सरकारच्या नोकरदारांची वसाहत. जुने क्वार्टर पाडून आता तिथे टॉवर उभे राहत आहेत, पण मंत्रालयांत फायली हाताळणारी माणसं या वस्तीत अजूनही राहतात आणि त्यांत महाराष्ट्रातून आलेली घरंही आहेत. बर्ड फ्लूची बातमी आली की इथे एक मत हमखास कानावर येतं. खेड्यापाड्यांतल्या घरगुती कोंबड्या हेच रोगाचं मूळ. लोक अडाणी, मर लागली तरी कुणाला सांगत नाहीत, उलट कोंबड्या विकून मोकळे होतात. तेव्हा परसातलं कुक्कुटपालन बंद करावं आणि पक्षी फक्त मोठ्या बंदिस्त शेडमध्ये वाढवावेत. हे मत मांडणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण मत साफ चुकीचं आहे, आणि ज्यांच्या टेबलावर धोरणाचे कागद येतात त्यांच्या तोंडी ते धोक्याचं आहे.

या मतात खरं काय आहे ते आधी मान्य करतो. परसातल्या कोंबड्यांना हा रोग होतो. मार्च 2006 मध्ये जळगाव जिल्ह्यात तो घरगुती कोंबड्यांतच सापडला. 2008 च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये बीरभूमपासून सुरू झालेली साथ मुख्यतः घरोघरच्या कोंबड्या-बदकांची होती आणि तिथे चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरलाही रोग घरगुती कोंबड्यांत सापडला. गावरान कोंबडीला काही होत नाही, हा सगळा कंपन्यांचा डाव आहे, असं म्हणणारे काही मित्र मला भेटतात. त्यांचंही मला पटत नाही. गावरान पक्षी काटक असतो, पण बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूपुढे तो काटकपणा टिकत नाही. तुरा निळाजांभळा पडतो, डोकं सुजतं, आणि सकाळी खुराड्याचं दार उघडावं तर आत सगळं संपलेलं असतं.

पण मूळ परसात आहे, हे कुठून आलं? भारतात हा रोग पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झाला तो 18 फेब्रुवारी 2006 रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आणि तो तिथल्या व्यावसायिक पोल्ट्रींत. हजारो पक्ष्यांची शेडं, लसीकरणाची वेळापत्रकं, डॉक्टरांची ये-जा, सगळं होतं. तरी मर सुरू झाली तेव्हा ती राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत दिवस गेले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच नवापुरात रोग पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी गेले. जी चूक जाणकार पोल्ट्रीवाल्यांकडून झाली, तीच चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून झाली की ती अडाणी कशी ठरते? अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या, पिंजऱ्यांचे टेम्पो एका शेडमधून दुसऱ्या शेडकडे फिरतात आणि विषाणू त्यांच्याबरोबर फिरतो. भिंत आणि जाळी त्याला अडवत नाहीत.

दिल्लीचंच पाहा. जानेवारी 2021 मध्ये गाझीपूरची मुर्गा मंडी बंद झाली, महापालिकांनी चिकन विकायला मनाई केली आणि मंडीतले नमुने निर्दोष निघाल्यावर ती लगेच उठवावी लागली. रोग सापडला होता तो मयूर विहारच्या कावळ्यांत आणि संजय लेकच्या बदकांत. 2016 मध्ये तो दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांत सापडला होता. हे पक्षी कुणाच्या परसातले होते? हा विषाणू पाणपक्ष्यांबरोबर येतो आणि येत राहणार.

आता लपवण्याबद्दल, कारण खरा आरोप तोच आहे.

जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्र राज्याने जाहीर केलेले भरपाईचे दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंड्यावरच्या पक्ष्याला 90 रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला 70, पिल्लाला 20, अंड्याला 3 आणि खाद्याला किलोमागे 12. निम्मा वाटा केंद्राचा. भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने मेलेल्याची नाही. बाजारात चांगली गावरान कोंबडी चार-पाचशेच्या खाली येत नाही.

नवापूरकडच्या एखाद्या पाड्यावरच्या घरात हा हिशोब कसा लागतो ते बघा. बाईकडे बारा कोंबड्या, त्यांतली एक खुडूक, डालग्याखाली पिल्लं. तीन एका रात्रीत मेल्या. तिने पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं तर त्या तिघींचे पैसे नाहीत. अहवाल बाधित आला तर उरलेल्या नऊ जातील आणि 2021 च्या नव्वदच्या दराने 810 रुपये कधीतरी मिळतील. शिवाय किलोमीटरभरातल्या सगळ्या शेजारणींच्या कोंबड्या जातील आणि बोट तिच्याकडे दाखवलं जाईल. न कळवता उरलेल्या नऊ आठवडी बाजारात नेल्या तर साडेतीन-चार हजार रोख हातात पडतात. त्यातून पोराची फी, औषध, किराणा सुटतो. घरात तिच्या हातातला पैसा बहुधा तेवढाच असतो, नवऱ्याला न विचारता खर्चायचा. तिने लपवलं तर ते अज्ञानातून नव्हे. सरकारने घालून दिलेला व्यवहार तिने बरोबर ओळखला आहे.

म्हणून जनजागृतीच्या पत्रकांवर माझा फार भरवसा नाही. तिला माहिती नाही असं समजून पत्रकं छापली जातात. माहिती तिला आहे. कळवणं परवडत नाही.

मग करायचं काय? मी पक्षी मारण्याच्या विरोधात नाही. बाधित केंद्राभोवती एक किलोमीटरमधले पक्षी मारण्याला आज तरी पर्याय दिसत नाही. फ्रान्सने ऑक्टोबर 2023 पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली आहे, पण दारोदार मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना लस टोचून वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवणं आपल्याला लगेच जमणारं नाही. माझी मागणी साधी आहे. जी बाई पहिल्यांदा कळवते, तिला मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे मिळाले पाहिजेत. गावरान पक्ष्याचा दर बाजारभावाला धरून वेगळा ठरला पाहिजे, कारण कंपनीच्या लेअरचा दर तिच्या तलंगीला लावण्यात काहीच अर्थ नाही. पैसे पथक गावात असतानाच हातात पडले पाहिजेत. आणि निर्बंध उठले की पिल्लं सरकारने द्यावीत. खुराडं महिनोन्महिने रिकामं राहतं त्या काळाचं नुकसान आज कुणी मोजतच नाही. परभणीजवळच्या मुरुंब्यात 2021 साली रोग शिरला तो एका बचत गटाच्या पोल्ट्रीत. अशा बायांना पुन्हा उभं करायचं तर नव्वद रुपयांचा हिशोब पुरणार नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे. मेलेल्या कोंबडीचे पैसे दिले तर लोक कशानेही मेलेल्या कोंबड्या आणून दाखवतील. दाखवू देत की! पैसे द्यायचे ते प्रयोगशाळेचा अहवाल बाधित आल्यावर, त्याच गावात, आणि कळवल्या तारखेनंतरच्या नोंदीवर. नोंद पशुधन पर्यवेक्षकाने करावी, सोबत जनावरांच्या आरोग्याचं काम पाहणारी गावातली पशुसखी असावी. कुणाच्या दारात किती कोंबड्या आहेत हे तिला न मोजता सांगता येतं. दहा-वीस खोटे दावे निघतीलही. त्याच्या बदल्यात मर लागल्याची बातमी आठवडाभर आधी दवाखान्यात पोचत असेल तर मला तो सौदा मान्य आहे. आणखी एक फायदा असा की खोटे दावे करायला आलेल्यांकडूनही मानमोडी कुठे पसरली आहे ते कळेल.

खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेप. वाढेलच. पण 2019 च्या पशुगणनेत देशातल्या 85 कोटी कोंबड्यांपैकी 31.7 कोटी परसातल्या होत्या, आणि आधीच्या गणनेपेक्षा त्या 46 टक्क्यांनी वाढल्या होत्या. बंद करा म्हणून इतक्या घरांतल्या कोंबड्या बंद होत नाहीत. त्या फक्त लपतात. आणि रोग माणसापर्यंत पोचला तर काय होतं ते सरोजिनी नगरपासून जवळच असलेल्या एम्समध्ये जुलै 2021 मध्ये दिसलं. हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा एच5एन1 ने तिथे दगावला; देशातला माणसाचा हा पहिला नोंदलेला बळी. विषाणू माणसात शिरू पाहतो तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याच्या हातावरून, आणि असा हात सगळ्यात आधी घरच्या बाईचा किंवा पोराचा असतो. पथक मास्क, हातमोजे, किट घालून येतं. तिला हातमोजे कोण देतं?

भरपाईचे दर ठरवणारा केंद्राचा पशुपालन विभाग दिल्लीतच बसतो. दरांची फाईल पुढच्या वेळी निघेल तेव्हा त्यात मेलेल्या पक्ष्यासाठी आणि गावरान कोंबडीसाठी दोन नवे रकाने असले पाहिजेत, आणि कळवणाऱ्या घरासाठी हातमोज्यांचा जोड आणि साबण यांचा खर्चही त्याच फाईलमध्ये धरला पाहिजे.